‘एवढ्या रँकवर मिळतंय काय ओ सर?’ : प्रवेशाचा अंदाज बांधताना या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की आमच्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या घराच्या पायरीवर चपला वाढायला लागतात. खानापूर, निपाणी, चिकोडी, येळ्ळूर, कुठून कुठून माणसं येतात. वडील पुढं, पोरगं मागं मोबाइलमध्ये. प्रश्न ठरलेला : “ओ सर, एवढा रँक आलाय बघा, बेंगळुरूला मिळतंय काय?”

मी विचारतो, “रांग कुठली?” की सगळे गप्प.

बावीस वर्षं पीयूच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवलं. आता घरबसल्या फुकट सल्ला देतो, आणि फुकट आहे म्हणून रागवायचा हक्क राखून ठेवलाय. त्याच त्या चुका दरवर्षी बघून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय. रँक म्हणजे रांगेतला नंबर. कुठल्या रांगेतला, ते कळल्याशिवाय तो जवळ आहे की लांब हे कोण सांगणार?

तक्ता बरोबर, रकाना चुकीचा

केईएचा, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाचा कटऑफचा तक्ता उघडून बघा. एकेका कॉलेजच्या एकेका शाखेसमोर रकान्यांची भली मोठी ओळ असते : जीएम, जीएमके, जीएमआर, मग २एजी, ३बीजी, ३बीके, ३बीआर... जीएम म्हणजे खुला गट; २ए, ३बी म्हणजे मागास प्रवर्ग. मुलं त्या ओळीतला सगळ्यात सैल आकडा शोधतात आणि खूश होतात. शेवटच्या अक्षरांकडे कुणाचं लक्ष नसतं. ‘के’ म्हणजे पहिली ते दहावी कन्नड माध्यमातून शिकलेले. ‘आर’ म्हणजे पहिली ते दहावी ग्रामीण भागातल्या शाळेत शिकलेले. यातलं काहीच नसेल तर तुमचा रकाना साधा.

खानापूर तालुक्यातला एक मुलगा होता. शाळा गावातलीच, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अर्ज भरला सायबर कॅफेवाल्यानं. त्यानं विचारलं, “शाळेत कन्नड होतं काय?” पोरगं म्हणालं, “होतं की.” झालं, कन्नड माध्यमापुढे ‘हो’ पडलं. कन्नड विषय असणं वेगळं आणि कन्नड माध्यम असणं वेगळं, हे कॅफेवाल्याला कळायचं कारण नाही. त्याला एका अर्जामागं पैसे मिळतात, पुढच्या माणसाचा अर्ज वाट बघत असतो. पण वडिलांनाही ते खटकलं नाही. महिनाभर घरात ३बीकेचा रकाना उघडून स्वप्नं बघणं चाललं होतं. बेंगळुरूच्या एका नावाजलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स मिळणार म्हणून पाहुण्यांना सांगून झालं, हॉस्टेलची चौकशीही झाली.

पडताळणीत माध्यम मराठी निघालं आणि ‘के’ उडालं.

माझ्याकडे आले तेव्हा बाप रडवेला. मी दाखला हातात घेतला, शाळेचं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. दहाच्या दहा वर्षं गावातली शाळा! पोरगं ‘आर’मध्ये सरळ बसत होतं आणि अर्जात ग्रामीणपुढे ‘नाही’ होतं. जे नव्हतं ते मागितलं आणि जे हक्काचं होतं ते सोडलं. दुरुस्तीला दोन दिवस उरलेले. भर पावसात मुख्याध्यापकांची सही, मग बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिसची सही. तिथले साहेब मीटिंगला गेलेले. शेवटच्या दिवशी दुपारी काम झालं. कॉलेज मिळालं, कॉम्प्युटर सायन्स मिळालं नाही. पोरगं आता तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला.

तेव्हापासून माझी एक सवय झालीय. कुणी आलं की रँक कार्ड नंतर बघतो, शाळेचा अभ्यास दाखला आधी मागतो. आणि ग्रामीणचं गणित घरावरून होत नाही, शाळेवरून होतं. घर गावात आणि शाळा बेळगाव शहरात असेल तर ‘आर’ विसरा. दहापैकी एक वर्ष शहरात काढलं असेल तरी विसरा.

‘एच’ अक्षराचीही तीच गत. ‘एच’ म्हणजे हैदराबाद-कर्नाटक, आताचं कल्याण कर्नाटक. मागच्याच्या मागच्या वर्षी एकजण भांडायलाच आला : “भालकीच्या आमच्या पाहुण्याच्या पोराचा रँक माझ्या पोरापेक्षा मागं, आणि त्याला सीट लागली, आम्हाला का नाही?” अहो, भालकी बिदर जिल्ह्यात. बिदर कल्याण कर्नाटकात येतं. राज्यघटनेच्या ३७१-जे कलमाखाली तिथल्या मुलांना त्यांच्या भागात ७० टक्के जागा राखीव, शिवाय राज्याच्या बाकी भागातही ८ टक्के. बेळगाव जिल्हा त्यात नाही. मराठी दोन्हीकडे बोलतात, म्हणून रांग एक होत नाही.

जातीच्या बाबतीत कोल्हापूरच्या मावशीचं ऐकू नका. कर्नाटकात मराठा समाज ३बीमध्ये आहे. महाराष्ट्रात एसईबीसी, कुणबी यांवरून जे काही चालतं त्याचा केईएच्या तक्त्याशी संबंध नाही. इथला दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीतून निघतो, आणि तो मे महिन्याआधी काढून ठेवायचा असतो. निकालानंतर तिथली रांग बघितलीय का कधी?

‘सीमाभाग कोटा’ नावाचं भूत

यावर थोडं सविस्तर बोलतो, कारण आमच्या भागात याच्याइतका घोळ दुसऱ्या कशात होत नाही.

कुणीतरी सांगतं, “केईएत सीमाभागाला कोटा आहे, गडीनाडू म्हणतात त्याला.” पात्रतेचं तसं एक कलम आहे ना. पण ते कुणाला? कर्नाटकाबाहेरच्या सीमेवर राहणाऱ्या, मातृभाषा कन्नड असलेल्या मुलांना. म्हणजे जत, अक्कलकोट, गडहिंग्लज, दक्षिण सोलापूर इकडच्या कन्नड घरांतल्या पोरांना. बेळगावच्या मराठी मुलाला ते म्हणजे उलटा आरसा आहे. तरी दरवर्षी एक-दोघं ते भरायला निघतात.

आपल्या मुलांसाठी जे आहे ते पलीकडे, महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेत आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो त्या वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी इंजिनीअरिंगच्या कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, ‘टाइप ई’ उमेदवार म्हणून बसू शकतो. सीमाभागातला असल्याचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला, दोन्ही त्यांनी दिलेल्या नमुन्यातच लागतात. मेडिकललाही नीटच्या मार्कांवर सीमाभागासाठी मोजक्या जागा असतात.

चूक होते ती इथून पुढे. लोकांना वाटतं, टाइप ई म्हणजे सीट. तसं नाही, टाइप ई म्हणजे फक्त दारातून आत सोडणं. आत गेल्यावर पुण्या-सांगलीच्या पोरांबरोबर एमएचटी-सीईटीच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या सीईटीच्या पर्सेंटाइलवरच लढायचं असतं. आणि त्या परीक्षेचा अर्ज निकालाच्या कितीतरी आधी बंद होतो. केसीईटीचा, म्हणजे आपल्या कर्नाटकच्या सीईटीचा रँक मनासारखा आला नाही की मग आठवण होते : “सर, महाराष्ट्रात आपल्याला कोटा हाय न्हवं?” हाय की, पण परीक्षा कुठं दिलीस बाळा?

दिलेल्यांतलेही निम्मे नुसते हजेरी लावून येतात. केसीईटीत चारही विषयांना ६०-६० मार्क. एमएचटी-सीईटीत २०० पैकी १०० एकट्या गणिताला. बारावीच्या अभ्यासक्रमावर भर ८० टक्के, अकरावीवर २०. एका परीक्षेची तयारी दुसरीला आपोआप पुरते, ही आळशी माणसानं काढलेली समजूत आहे.

बारावी कुठल्या राज्यात केली?

शहापुरातल्या एका कापड दुकानदाराचा मुलगा. दहावीपर्यंत बेळगावात, अकरावी-बारावीला महाराष्ट्रातल्या एका निवासी क्लासमध्ये. जेईई मेनला चांगला रँक. वडिलांनी सुरतकलच्या एनआयटीचे होम स्टेटचे क्लोजिंग रँक काढून आणले होते, पेनानं खुणा करून. मी विचारलं, “बारावीचं बोर्ड?” ते म्हणाले, “महाराष्ट्र.” मी त्यांची खुणा केलेली वही मिटली.

एनआयटीला होम स्टेट ठरतं ते बारावी कुठल्या राज्यातून पास झालात त्यावरून. बापाचा जीव वरखाली. “ओ सर, आधार बेळगावचं, रेशनकार्ड बेळगावचं, मतदान बेळगावला!” मी म्हटलं, १९५६ पासून आपण महाराष्ट्रात जायचं म्हणतोय, तुमचं पोरगं न सांगता जाऊन आलं. त्यांना हसू आलं नाही. सुरतकल त्याला अदर स्टेटमध्ये, आणि तिथली रांग कडक. होम स्टेट म्हणून त्याच्या वाट्याला आलं नागपूरचं व्हीएनआयटी. ते काही वाईट नाही. पण ही गोष्ट दहावीनंतर क्लासची फी भरताना कळायला हवी होती. क्लासवाल्यांनी सांगितली नाही, आणि त्यांनी का सांगावी?

त्याच मुलाची केईएची पात्रता मात्र शाबूत होती. पहिलीपासून बारावीपर्यंत किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी इथून पास, एवढं त्या पात्रतेला पुरतं. बाप तेही गेलं समजून बसला होता.

पीयूत ९७ टक्के, मग रँक मागं कसा?

कारण इंजिनीअरिंगच्या रँकला पीयूचे पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणिताचे मार्क अर्धे आणि सीईटी अर्धी. एकाला पीयूत ३०० पैकी २९१ आणि सीईटीत १८० पैकी ९० : ४८.५ अधिक २५, झाले ७३.५. दुसऱ्याला २५५ आणि ११७ : ४२.५ अधिक ३२.५, झाले ७५. पेढे पहिल्याच्या घरी वाटले जातात आणि रँक दुसऱ्याचा पुढे असतो. सीईटीतला एक मार्क पीयूतल्या दीडाहून जास्त मार्कांच्या तोलाचा, हे गणिताचे मार्क सांगत फिरणाऱ्या पोरांनाच जमत नाही.

कॉमेडके, म्हणजे खासगी कॉलेजांची प्रवेश परीक्षा, यात मिसळू नका. तिथं पीयूचे मार्क धरत नाहीत, रांग वेगळी, फी वेगळी.

बाकीच्या, पटपट

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नाहीत, शंभरातले नव्वद तुमच्या मागं आहेत एवढंच.

नीटमध्ये मागच्या वर्षीच्या मार्कांवरून यंदाचा अंदाज बांधू नका. २०२४ ला पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याचे ६८६. मार्क पेपरप्रमाणे फुगतात नि आटतात. बघायचा असतो तो रँक.

एकाच वर्षाचा कटऑफ बघू नका. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेने, एका शाखेतल्या जागांची कमाल मर्यादा काढून टाकली. मोठ्या कॉलेजांत कॉम्प्युटरच्या जागा वाढल्या की जुने आकडे सरकतात. मी शंभर पानी वहीत तीन वर्षांचे शेवटच्या फेरीचे आकडे पेन्सिलीनं उतरवतो, फक्त त्या पोराच्या रकान्यातले. तिन्हींतल्या सगळ्यात कडक आकड्याच्याही पुढे असेल तर ‘पक्कं’, सैल आकड्याच्या आत असेल तर ‘बघू’, त्याच्याही बाहेर असेल तर ‘आशा’. रँक सांगितला की कॉलेज सांगणारी ॲपं हे दोन सेकंदांत करतात म्हणे. करू देत. ती तुम्हाला माध्यम विचारत नाहीत.

पहिल्या फेरीचा कटऑफ बघून रडू नका, शेवटच्याचा बघून नाचू नका.

मॉक अलॉटमेंट म्हणजे रंगीत तालीम. ती बघून बाकीचे हजारो आपले ऑप्शन बदलतात, त्यामुळे मॉकमध्ये दिसलेलं कॉलेज प्रत्यक्षात तिथंच राहील असं नाही. एका काकांनी मॉकचा प्रिंट देवापुढं ठेवला होता.

ऑप्शन भरताना ‘मिळण्यासारखं’ वर आणि ‘हवं ते’ खाली, हा शहाणपणा कुणी शिकवला देव जाणे. मशीन वरून खाली बघत येतं. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. पण वरचं सोपं मिळालं की खालचं हवं ते गेलंच. एका मुलीनं भीतीपोटी बेळगावातलं कॉलेज पहिलं टाकलं होतं, तेच मिळालं. तिच्या रँकवर बेंगळुरूची तिची आवडती शाखा ‘पक्कं’मध्ये होती.

आणि सीट लागल्यावर चॉइस नीट वाचा. १ म्हणजे हेच घेतो. २ म्हणजे हे धरून ठेवतो, वरचं मिळालं तर बघतो. ३ म्हणजे हे सोडलं, पुढची फेरी बघतो. ४ म्हणजे प्रक्रियेतूनच बाहेर. घाईत ४ दाबलेला एकजण माझ्याकडे आला होता. त्याला चहा पाजला, त्यापलीकडे काही करता आलं नाही.

यंदा येणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर या. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, रँक कार्ड, याच क्रमानं फाइलला लावून आणा. आणि पोराला बोलू द्या ओ, प्रवेश त्याला घ्यायचाय.