बीनबॅग गेल्या, चहा आला

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात टेस्टिंगवाले आणि डेव्हलपर एकमेकांशी फक्त मेलवर बोलायचे, तेही अख्ख्या जगाला सीसीत ठेवून. ॲडमिन माझ्याकडे, म्हणून मी हौसेनं कोपऱ्यातल्या खोलीत ‘अड्डा’ केला: चार बीनबॅग, कॅरम, भिंतीवर चित्रं. महिनाभर कॅरमच्या पावडरचा डबा फुटलासुद्धा नाही. दुपारी चारला सगळे गेटबाहेरच्या टपरीवर.

शेवटी मीही गेले. कटिंग हातात आल्यावर एक जण म्हणाला, “मॅडम, त्या खोलीला काच आहे आणि समोर साहेबांची केबिन. कोण बसेल?” खरंच की! बीनबॅगमध्ये रुतलेला माणूस कामचुकारच दिसतो.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या थॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात इंजिनिअरांवरच अभ्यास केला होता: दोन टेबलांतलं अंतर ५० मीटरच्या आसपास गेलं की नेहमीचं बोलणं जवळपास आटतं. आमचा अड्डा तर पार लिफ्टपलीकडे.

मग चहाचं मशीन आणि वॉटर कूलर उचलून दोन टीमच्या मधल्या पॅसेजमध्ये आणला. छातीइतकं उंच एक टेबल, खुर्ची एकही नाही. उभ्यानं चहा पिणारा पाच मिनिटांत निघतो, त्यामुळे चोरटं वाटत नाही. साहेबांच्या केबिनमध्ये चहा पाठवणंही बंद केलं. (आठवडाभर कुरकुर झाली.) मशीनचा चहा गोडमिट्ट, तो मात्र बदलता आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्या टेबलावर एक टिश्यू पेपर सापडला. त्यावर लॉगिनच्या घोळाची आकृती, दोन वेगळ्या अक्षरांत. शुक्रवारी अजूनही आम्ही टपरीवरच असतो.