ताऱ्याच्या प्रतीपुढे ± किती लिहावे?

कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रावरून ताऱ्याची प्रत, म्हणजे त्याच्या तेजाचे माप, नोंदवली, पण त्यापुढे ± चिन्हासह अनिश्चितता लिहिली नाही, तर ते मोजमाप अपुरे राहते. पेगॅसस तारकासमूहातील एचडी २०९४५८ या ७.६ प्रतीच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जातो तेव्हा प्रकाश सुमारे दीड टक्क्याने घटतो; ही घट खरी की नॉइजमुळे, म्हणजे मोजमापातील यादृच्छिक चढउतारामुळे, भासलेली, हे अनिश्चितता माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही.

प्रथम चित्राच्या फाइलमधील पिक्सेलांच्या आकड्यांचे, प्रकाशामुळे पिक्सेलांत जमलेल्या इलेक्ट्रॉनांत रूपांतर करावे. त्यासाठी एका एककामागे किती इलेक्ट्रॉन, हा गुणक हवा. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण निवडतो तो गेनचा, म्हणजे संकेत वाढवण्याचा, आकडा बहुधा हा गुणक नसतो. ही पायरी गाळू नये, कारण फोटॉनांच्या येण्यातील यादृच्छिक चढउतार इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या वर्गमूळाइतका असतो, फाइलमधील आकड्यांच्या वर्गमूळाइतका नव्हे.

समजा, ताऱ्याचे ४०,००० इलेक्ट्रॉन मिळाले आणि मापनवर्तुळात, म्हणजे ताऱ्याभोवतीच्या ज्या वर्तुळातील उजेड मोजतो त्यात, ८० पिक्सेल आहेत. दर पिक्सेलमागे आकाशाच्या उजेडाचे १५० व डार्कचे (उजेड नसतानाही कॅमेऱ्यात जमणारे) ५ इलेक्ट्रॉन आहेत आणि रीड नॉइज (पिक्सेल वाचताना येणारा नॉइज) ८ आहे, म्हणजे त्याचा वर्ग ६४. ८० × २१९ = १७,५२० यात ४०,००० मिळवून वर्गमूळ काढल्यास नॉइज सुमारे २४० येतो. ताऱ्याच्या इलेक्ट्रॉनांना त्याने भागल्यास गुणोत्तर १६७, १.०८६ ला (प्रतींत रूपांतर करणारा स्थिरांक) या गुणोत्तराने भागले की अनिश्चितता ०.००६५ प्रत मिळते. आता तारा वीसपट मंद, म्हणजे २,००० इलेक्ट्रॉनांचा घ्यावा: अनिश्चितता ०.०७६ होते, जवळजवळ बारापट. मंद ताऱ्याच्या बाबतीत आकाश आणि कॅमेराच वरचढ ठरतात. म्हणून तेथे मापनवर्तुळ लहान ठेवणे आणि काळोखी जागा निवडणे फार मोलाचे असते.

ज्याच्याशी तुलना करून प्रत काढतो, त्या तुलनाताऱ्याची अनिश्चितताही वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून मिळवावी: त्याची ०.००४ असल्यास एकूण ०.००७६.

हा आकडा मात्र किमान मर्यादा आहे, कारण वातावरणामुळे होणारे लुकलुकणे आणि सदोष फ्लॅट (पिक्सेलांच्या संवेदनशीलतेतील फरक दुरुस्त करण्यासाठी घेतलेले एकसमान उजेडाचे चित्र) त्यात धरलेले नाहीत. म्हणून तेवढ्याच तेजाचा, न बदलणारा एक पडताळणी-तारा त्याच चित्रांत मोजावा. तुलनाताऱ्याशी त्याच्या फरकाचे प्रमाण विचलन सूत्राने काढलेल्या आकड्यापेक्षा मोठे आले, तर तेच ± पुढे लिहावे. अनेक चित्रांची सरासरी घेतल्याने यादृच्छिक नॉइज कमी होतो, सोळा चित्रांनी चौपट. फ्लॅटमधील दोष मात्र तसाच राहतो, म्हणून रात्रभर तारा त्याच पिक्सेलांवर ठेवण्याची काळजी घ्यावी.