उत्तर बरोबर, ग्राफ चुकीचा! (माझा अनुभव)

लेकीचा अल्जेब्राचा होमवर्क होता, वाय = |एक्स − ३| − २ चा ग्राफ टीआय-८४ या ग्राफ काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर काढायचा, म्हटलं दोन मिनिटांचं काम. आधी तर त्या उभ्या रेघांचं बटणच सापडेना, मग कळलं की मॅथ दाबून नम (NUM) मेन्यूत गेलं की पहिलंच एबीएस (abs, म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट व्हॅल्यू, वजा चिन्ह काढलेली किंमत) असतं.

टाकलं सगळं, ग्राफ दाबलं, छान व्ही आला, पण टोक (५, ०) वर! यायला हवं होतं (३, −२) वर. मी ट्रेसमध्ये ५ टाकून बघितलं तर ० आलं, हाताने केलं तरी ० च, म्हणून अर्धा तास मी गणितालाच शिव्या देत बसलो. नंतर टेबल उघडलं तर ३ समोर −२ ऐवजी २! नेमकं ५ वर बरोबर आणि चुकीच्या, दोन्ही ग्राफचं उत्तर सारखंच येतं, फसवलं ना राव.

भानगड एवढीच होती की ३ टाकल्यावर उजवा बाण दाबून रेघांच्या बाहेर यायचं राहिलं, त्यामुळे − २ पण आतच गेलं आणि ते |एक्स − ५| झालं. जुन्या मॉडेलवर रेघा दिसत नाहीत, एबीएस आणि उघडा कंस येतो, तिथे ३ नंतर कंस बंद करायचा.

आणि हो, झूम मेन्यूतल्या ६ नंबरवर (स्टँडर्ड) व्ही जरा पसरट दिसतो, स्क्रीन आडवी आहे म्हणून. ५ नंबर (स्क्वेअर) केला की काटकोन नीट दिसतो.