आधी झाकण, मग मोरे ईल

मोरे ईल, म्हणजे सापासारखा लांबट समुद्री मासा, पाळायचा असेल तर तो बघायला जाण्याआधी टाकीचं झाकण करून घ्या. घरात पाळलेले ईल दगावतात त्यातले कितीतरी रात्री टाकीतून बाहेर पडून, फरशीवर सुकून. डोकं शिरलं की मागचं सगळं अंग त्या फटीतून निघतं. वायर आणि पाइप आत जातात ते कोपरे सगळ्यात धोक्याचे. तिथं स्पंज घट्ट कोंबा. पत्रा नको, मिठाच्या पाण्यानं गंजतो. बेळगावात दुकानांचे बोर्ड करणारे अ‍ॅक्रिलिक मापात कापून देतात, माझ्या अनगोळच्या घरी तेच आहे. वर क्लिपा लावा, कारण हा मासा डोक्यानं झाकण रेटतो.

पहिल्यांदा घेताय तर स्नोफ्लेक जातीचा मोरे घ्या. पुढं तो साधारण 60 ते 70 सेंटिमीटर होतो, तेव्हा टाकी 300 लिटरची धरूनच चला. गोल्डन ड्वार्फ जातीचा 30 सेंटिमीटरच्या आतबाहेर राहतो, पण महाग आणि क्वचित मिळणारा. झेब्रा दिसतो देखणा, पण दीड मीटरपर्यंत जातो. फ्लॅटमध्ये त्याला आणू नये, असं माझं ठाम मत आहे.

वेंगुर्ल्याहून समुद्राचं पाणी कॅनमधून आणायची कल्पना आपल्याकडं बऱ्याच जणांना सुचते. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ आणि पातळ झालेलं असतं, म्हणून ते नको. आरओच्या पाण्यात मत्स्यालयाचं मीठ कालवा, लिटरला साधारण 35 ग्रॅम, आणि खारटपणा मोजायच्या हायड्रोमीटरवर 1.023 ते 1.025 आलं की थांबा. फेब्रुवारीपासून आपली हवा कोरडी होते, टाकीतलं पाणी भराभर उडतं. उडतं ते पाणी, मीठ मागंच राहतं. म्हणून कमी झालेली पातळी गोड्या पाण्यानंच भरायची. तापमान 24 ते 26 अंश ठेवा. डिसेंबर-जानेवारीत इथल्या रात्री चांगल्याच गार असतात, तेव्हा हीटर लागतोच. वळवाच्या पावसात लाईट गेली की पंप बंद पडतो आणि पाण्यातला प्राणवायू घटत जातो. बॅटरीवरचा हवेचा पंप चार्ज करून टाकीशेजारीच ठेवा.

मासा आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालवा. अमोनिया आणि नायट्राइट ही पाण्यातली विषारी द्रव्यं दोन्ही शून्य आल्याशिवाय ईल सोडू नका. ईलची घाण भरपूर, म्हणून फेसाबरोबर घाण काढणारा प्रोटीन स्किमर मोठा घ्या आणि दर पंधरवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदला. दगडांखाली पीव्हीसी पाइपचे तुकडे ठेवा. लपायला जागा मिळाली की तोच ईल हळूहळू तोंड बाहेर काढून बसायला लागतो.

खाणं आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. गोव्याहून येणारी ताजी कोळंबी सालीसकट घ्या, धुऊन फ्रीजरमध्ये ठेवा, लागेल तेवढीच बर्फ सोडवून द्या. अधूनमधून माकुल (स्क्विड) आणि खेकड्याचं मांस द्या, एकाच खाण्यावर ठेवू नका. लांब प्लॅस्टिकच्या चिमट्यानं कोळंबी त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर धरा. आधी त्याच्या नाकाच्या पिवळ्या नळ्या पुढं येतात, मग मान डावी-उजवी डुलते. वास लगेच लागतो, पण नजर अधू, त्यामुळं कधी कोळंबी सोडून चिमट्यालाच तोंड लावतो. चिमटा हलवू नका, त्याला शोधू द्या. घास पकडला की घशातला दुसरा जबडा पुढं येऊन तो आत ओढतो. हे 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. उघड्या हातानं भरवू नका म्हणतात ते याच नजरेमुळं आणि याच जबड्यांमुळं. बोट आणि कोळंबी त्याला वेगळी कळत नाहीत. टाकीत शोभेच्या कोळंब्या किंवा खेकडे सोडाल तर तेही त्याचं खाणंच.

नवीन ईल कधीकधी काही आठवडे तोंडाला काहीच लावत नाही. घरातली मंडळी रोज विचारतात, "आज खाल्लं काय रे त्यानं?" अंग भरलेलं असेल, तर उपास चालू द्या. तोंड सारखं उघडतो-मिटतो ते रागानं नव्हे, कल्ल्यांवरून पाणी फिरवण्यासाठी. पण ती उघडझाप नेहमीपेक्षा जलद झाली किंवा तो बिळाबाहेर लोळत पडला, तर आधी अमोनिया तपासा आणि पाणी बदला. तांब्याचं औषध या टाकीत अजिबात घालू नका, खवले नसलेल्या त्याच्या अंगाला ते सोसत नाही.