स्पर्धेआधी बघून घ्या: बुद्धिबळात नेहमी समोर येणाऱ्या ओपनिंगला (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींना) काय खेळायचं

टूर्नामेंटला आठवडाभर उरला असेल तर नवीन व्हिडिओ लावू नका, आधी स्वतःचे मागचे पन्नासेक डाव उघडा. कागद घ्या, एका बाजूला पांढरा, दुसऱ्या बाजूला काळा, आणि समोरच्याने काय खेळलं ते लिहून पुढे रेघा मारत जा, किती वेळा आलं आणि त्यात आपण किती हरलो. हे कंटाळवाणं आहे पण सगळी तयारी यावरच उभी राहते. मी दोन महिने सिसिलियन नायडॉर्फ या काळ्याच्या ओपनिंगच्या लाइन्स (चालींचे क्रम) पाठ केल्या होत्या आणि कागद केल्यावर कळलं की काळ्याने हरलेले माझे निम्मे डाव लंडन सिस्टीमचे (पांढरा डी४ करून उंट एफ४ ला आणतो ती ओपनिंग) होते, नायडॉर्फ मोजून दोनदा आलेली. फार वाईट वाटलं.

आता यादीतली वरची तीनच ओपनिंगची नावं उचला, जास्त नको.

ई४ ई५ (दोघांचं राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे) नंतर दुसऱ्याच चालीला वजीर एच५ वर आणणारे ऑनलाइन ढिगाने भेटतात, त्यामुळे हे पाच मिनिटांत उरकून टाका. समोरचा पांढरा आपलं ई५ चं प्यादं मागतोय, म्हणून आधी घोडा सी६. लगेच जी६ करून वजिराला हाकलायला गेलात तर तो ई५ चं प्यादं शह देत खातो आणि पुढच्या चालीला कोपऱ्यातला हत्तीही जातो. घोडा सी६, मग त्याचा उंट सी४ ला आला (आता एफ७ वर मातेची धमकी आहे) की तेव्हा जी६, वजीर एफ३ ला गेला की घोडा एफ६, संपलं, मातेची धमकी गेली आणि तुमची मोहरी त्याच्यापेक्षा जास्त बाहेर आलेली असतात.

इटालियनमध्ये (ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४, आणि आपण घोडा एफ६) जी५ वर उडी मारणाऱ्या घोड्याला मात्र जरा वेळ द्या, कारण इथे नुसती चाल पाठ असून भागत नाही. तो एफ७ वर डोळा ठेवून असतो, आपण डी५ करतो, तो प्यादं खातो, आणि मग हात आपोआप घोड्याने ते प्यादं परत घ्यायला जातो. तिथेच थांबा. घेतलं की तो एफ७ वर घोडा बळी देऊन आपल्या राजाला पटाच्या मधोमध ओढतो आणि समोरासमोर घड्याळ चालू असताना ते डिफेन्ड करणं भयंकर अवघड जातं. त्याऐवजी घोडा ए५, उंटावर हल्ला, एक प्यादं कमी पण पुढाकार आपल्याकडे. आणि हे सगळं नकोच असेल तर तिसऱ्या चालीला घोडा एफ६ च्या ऐवजी उंट सी५ करा, मग तो घोडा जी५ वर आला तर आपला वजीर डी८ वरून थेट खातो त्याला, फुकट. मी हेच खेळतो.

लंडनवाल्यांची अडचण वेगळी आहे, ते आपण काय खेळतोय ते न बघता स्वतःच्या त्याच त्या चाली मांडत जातात आणि आपणही शांतपणे मांडू देतो. देऊ नका. लवकर सी५ करा, घोडा सी६, वजीर बी६, कारण उंट सी१ सोडून एफ४ ला गेलाय म्हणजे बी२ ला राखण उरलेली नाही. बरेच जण इथे पहिल्यांदा विचार करायला लागतात, घड्याळात दिसतं ते.

तोडगा निवडताना इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) काय म्हणतं याला फार भाव देऊ नका, समोरच्याला काय आवडत नाही ते बघा. २००० साली लंडन शहरात जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये क्रामनिकने कास्पारोवसमोर काळ्याने बर्लिन डिफेन्स ही ओपनिंग काढली, त्यात आठव्या चालीलाच दोन्ही वजीर पटावरून जातात, काळ्याला कॅसलिंग (राजाला हत्तीआड सुरक्षित नेण्याची चाल) मिळत नाही, प्यादी दुमडलेली (एकामागे एक अडकलेली), तरी कास्पारोवचा हल्ल्याचा खेळच बंद झाला आणि पंधरा डावांत तो एकही जिंकू शकला नाही. म्हणून यादीत प्रत्येक नावापुढे हेही लिहा: हे खेळणारा हल्ला करणारा आहे का, सगळी मोहरी मारामारीत संपवणारा आहे, की ब्लिट्झमध्ये (झटपट डावात) फक्त समोरच्याची वेळ संपवून जिंकणारा. हल्लेखोराला वजीर बदलायला लावा, मारामारीवाल्यासमोर मोहरी पटावर ठेवा, वेळेवाल्यासमोर आपल्याला न बघता खेळता येईल असंच काहीतरी घ्या, भले ते थोडं साधं असेल.

आपल्या नावाचा कागद समोरच्याकडेही असतो हे धरून चला. २००८ ला बॉनमध्ये जगज्जेतेपदाच्या मॅचला आनंद, जो आयुष्यभर मुख्यतः ई४ वाला, तो क्रामनिकसमोर पांढऱ्याने डी४ ने उतरला आणि मॅच साडेसहा-साडेचारने जिंकला. आपल्याला एवढं मोठं काही करायची गरज नाही पण सगळे डाव ऑनलाइन उघडे पडलेत ना, तर एखादी लाइन बदलून ठेवा.

मग प्रत्येक तोडगा खेळून बघा. मित्राला सांगा, तू लंडन खेळ, आणि पाचव्या चालीनंतर मुद्दाम पुस्तकाबाहेर (ठरलेल्या चालींपलीकडे) जा. तिथे आपल्याला पुढचा प्लॅन सांगता आला, कुठलं प्यादं ढकलायचं, कुठला उंट बदलायचा, तर टिक करा, नाही आला तर ती लाइन या स्पर्धेपुरती काढून टाका, कितीही भारी वाटली तरी.

आदल्या रात्री नवीन काहीही उघडायचं नाही. तीन नावं, प्रत्येकाखाली पहिल्या सहा चाली आणि एका ओळीत प्लॅन, एवढा एकच कागद सकाळी एकदा वाचा आणि बॅगेत टाका, हॉलमध्ये बोर्डापाशी नेऊ नका, तिथे नोट्स चालत नाहीत.