जपानला निघालात? वाकण्याचं राहू द्या, टपालपेटी उघडा: या चुका टाळा

जपानला निघालेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. किती वाकायचं? जोडे कुठे काढायचे? चॉपस्टिक भातात उभ्या खोचल्या तर लोक रागावतात का? विचारायला हरकत नाही, पण यात चुकलात तर फार तर समोरचा हसेल. व्हिसा वाढवताना जे अडकतात ते बहुतेक कुठल्यातरी न उघडलेल्या पाकिटापायी अडकतात. जपानी कचेरी दारावर येऊन ओरडत नाही, फोनही सहसा करत नाही. ती पत्र पाठवते, तारीख देते आणि गप्प बसते. आपणही गप्प बसलो की पुढे हिशोब लागतो.

पहिले चौदा दिवस

नारिता, हानेदा, कान्साई अशा मोठ्या विमानतळांवर उतरताच झाइर्यू कार्ड, म्हणजे रहिवासी कार्ड हातात पडतं. त्यावर पत्त्याची जागा कोरी असते. घर मिळून राहायला लागलात की 14 दिवसांत वॉर्डच्या किंवा शहराच्या कचेरीत (कुयाकुशो किंवा शियाकुशो) जाऊन पत्ता नोंदवायचा. कार्डाच्या मागे तो छापून मिळतो. बँक, मोबाइल, विमा, सगळं त्यानंतर.

ही पहिली नोंदणी सहसा कुणी चुकवत नाही, कारण शाळेचा किंवा कंपनीचा माणूस सोबत येतो. चूक होते ती दुसऱ्या वेळी. वर्षभराने आपण मित्राबरोबर स्वस्त खोलीत राहायला जातो आणि पत्ता जुनाच राहतो. शहर बदललं तर जुन्या ठिकाणी ‘निघालो’ आणि नव्या ठिकाणी 14 दिवसांत ‘आलो’ अशा दोन नोंदी लागतात. त्या केल्या नाहीत तर सगळी सरकारी पत्रं जुन्या पेटीत पडत राहतात आणि आपल्याला वाटतं, बरं आहे, काहीच भरायचं नाही! नवा पत्ता 90 दिवसांत नोंदवला नाही, तर राहण्याचा परवाना रद्द होऊ शकतो.

कार्ड कायम खिशात ठेवायचं. मोबाइलमधला फोटो चालत नाही. मालक किंवा एजंट ‘सुरक्षित ठेवतो’ म्हणून कार्ड किंवा पासपोर्ट मागत असेल तर देऊ नका. कार्ड दुसऱ्याने धरून ठेवायचं नसतं आणि चांगला मालक ते मागतही नाही.

‘मी तर विद्यार्थी, मला कसला पेन्शनचा हप्ता?’

नव्या मुलांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारा कागद म्हणजे नेनकिनचा, राष्ट्रीय पेन्शनचा. जपानमध्ये राहणाऱ्या 20 ते 59 वयाच्या प्रत्येकाला ती लागू आहे, परदेशी विद्यार्थ्यालाही. 2025-26 चा हप्ता महिन्याला 17,510 येन. आकडा पाहून मुलं घाबरतात आणि पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून देतात. खरं तर विद्यापीठात शिकणाऱ्यांना हप्ता पुढे ढकलण्याची खास सवलत आहे. तुमची भाषाशाळा या सवलतीत बसत नसेल, तर कमी उत्पन्नाची साधी माफी मागता येते. मात्र दोन्हींसाठी अर्ज लागतो आणि तोही दरवर्षी.

अर्ज करून न भरणं आणि नुसतं न भरणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सायकलवरून जाताना मोठा अपघात होऊन कायमचं अपंगत्व आलं, तर अपंगत्वाच्या पेन्शनसाठी माफीचा काळ धरला जातो, थकबाकीचा धरत नाहीत. पंधरा मिनिटांच्या अर्जासाठी एवढी जोखीम कोण घेईल? तरी घेतात.

आरोग्यविम्याचंही तसंच. तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्याला तो सक्तीचा असतो. डॉक्टरकडे आपण 30 टक्के भरतो, उरलेले विमा. ‘मी कधी आजारी पडत नाही’ हे कारण कुयाकुशोत चालत नाही, उशिरा गेलात तर मागचा हप्ताही वसूल होतो. हप्ता मागच्या वर्षाच्या उत्पन्नावर ठरतो, त्यामुळे नव्या विद्यार्थ्याला तो अगदी कमी पडतो. फक्त उत्पन्न शून्य आहे हेही फॉर्मवर लिहून द्यावं लागतं. कोरा फॉर्म म्हणजे शून्य, असं ते मानत नाहीत.

हप्त्याच्या पावत्या कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात भरता येतात. काउंटरवरचा पोरगा बारकोड वाचतो, शिक्का मारतो आणि पावतीचा तुकडा फाडून हातात देतो. तो तुकडा कचऱ्यात टाकू नका. पुढे कधी कायमच्या वास्तव्याचा अर्ज केलात, तर पैसे भरले का एवढ्यावर भागत नाही, तारखेच्या आत भरले का हे पाहिलं जातं. तीन वर्षांची थकबाकी अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम भरून मोकळं होता येत नाही.

28 तासांचं गणित

विद्यार्थी व्हिसावर काम करायला वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा उतरताना विमानतळावरच तो अर्ज देता येतो. मर्यादा आठवड्याला 28 तास, आणि शाळेच्या अधिकृत मोठ्या सुट्टीत दिवसाला 8 तास.

इथे तीन ठिकाणी घोटाळा होतो. एक, दोन नोकऱ्यांचे तास वेगवेगळे मोजले जातात असं समजणं. शनिवार-रविवार कोंबिनी आणि मधल्या दिवशी डब्यांच्या कारखान्यात रात्रपाळी, यांची बेरीज 28 च्या आत हवी. दोन, आठवडा सोमवारीच सुरू होतो असं धरणं. कुठल्याही दिवसापासून सात दिवस मोजले तरी आकडा 28 च्या वर जाता कामा नये. तीन, कोर्स संपल्यावरही कार्डावर तारीख शिल्लक आहे म्हणून काम चालू ठेवणं. शिक्षण संपलं की ती परवानगीही संपते.

‘कोण मोजायला येतंय?’ असं सांगणारा सीनियर प्रत्येक वसतिगृहात असतो. मोजायला कुणी येत नाही हे खरं. पण व्हिसा वाढवताना कर कचेरीचा उत्पन्नाचा दाखला मागितला जातो, आणि त्यात सगळ्या मालकांनी दिलेला पगार एकत्र दिसतो. टोकियोचं किमान वेतन ऑक्टोबर 2025 पासून तासाला 1,226 येन आहे. 28 तासांचे आठवड्याला 34,328. यावर वर्षाचा आकडा कुठवर जाऊ शकतो हे अधिकाऱ्यालाही करता येतं. याच आकड्यात भाडं, जेवण आणि पुढच्या वर्षाची फी बसवून दाखवणारा एजंट भेटला तर त्याला कागदावर मांडून दाखवायला सांगा.

बार, ‘स्नॅक’ (म्हणजे गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला बायका ठेवलेले छोटे बार), पाचिंको (जुगारासारख्या यंत्रखेळांची दुकानं), माहजोंग या सोंगट्यांच्या खेळाचे अड्डे इथे विद्यार्थ्याला भांडी घासायचं कामही चालत नाही.

नवऱ्याच्या नोकरीवर ‘कुटुंब’ व्हिसाने गेलेल्या बायकांनाही हीच परवानगी आणि हेच 28 तास लागू, आणि त्यांना उन्हाळी सुट्टीची सवलत नाही. अलीकडे प्रश्न येतो, ‘माझी पुण्याच्या कंपनीची नोकरी घरून चालू ठेवली तर?’ पगार भारतात जमा होत असला तरी काम जपानमध्ये बसून होतं. तेव्हा लपवून सुरू करण्याआधी इमिग्रेशनला विचारा.

पगार आणि दुसऱ्या वर्षाचा जून

महिना दोन लाख येन म्हटलं की घरचे लगेच रुपयांत गुणाकार करतात. आरोग्यविमा, पेन्शन (पगाराच्या 9.15 टक्के), बेरोजगारी विमा आणि आयकर धरून साधारण 16-17 टक्के आधीच कापले जातात. कंपनीची खोली असेल तर तिचं भाडं वेगळं.

खरा धक्का दुसऱ्या वर्षी जूनमध्ये बसतो. जूमिनझेई, म्हणजे रहिवासी कर, मागच्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नाच्या सुमारे 10 टक्के असतो, आणि 1 जानेवारीला जिथे राहत होता त्या शहराला जातो. नव्या माणसाचं मागच्या वर्षी जपानमध्ये उत्पन्नच नसतं, म्हणून पहिलं वर्ष मोकळं. एप्रिल 2025 ला रुजू झालेल्याचा कर जून 2026 पासून कापला जाऊ लागतो. ‘पगार का कमी केला?’ म्हणून एचआरशी भांडू नका. नोकरी सोडलीत तर उरलेले हप्ते पावतीच्या रूपाने घरी येतात, आणि बेकारीत त्या पावत्या फार जड वाटतात. थोडे पैसे बाजूला ठेवाच.

नोकरी बदलली किंवा सुटली तर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं, ऑनलाइनही होतं. व्हिसावर दोन वर्षं शिल्लक आहेत म्हणून निवांत बसू नका. सबळ कारणाशिवाय तीन महिने त्या व्हिसाचं काम केलं नाही, तर तो रद्द होऊ शकतो.

एजंटची तीन वाक्यं

भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांसाठी जानेवारी 2021 मध्ये करार झाला. ऑगस्ट 2025 मध्ये पाच वर्षांत 50,000 कुशल भारतीय जपानला जावेत असं उद्दिष्टही जाहीर झालं. तेव्हापासून गावोगावी ‘जपान प्लेसमेंट’चे फलक दिसू लागलेत. ऐकताच उठून यावं अशी तीन वाक्यं आहेत.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे बदलून घेऊ.’ नाही होत. पर्यटक म्हणून जाऊन कामाला लागणं हा सरळ गुन्हा आहे.

‘भाषा तिथे गेल्यावर येते.’ तोकुतेई गिनो, म्हणजे विशिष्ट कौशल्य व्हिसाला एन-4 ची (जपानी भाषेच्या परीक्षेतली खालून दुसरी पातळी) किंवा त्या तोडीची भाषापरीक्षा आणि त्या कामाची कौशल्यपरीक्षा लागते. पहिल्या श्रेणीत एकूण पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. हे शेवटचं एजंट हळूच गाळतो.

‘तीन लाख भरा, बाकीचे पगारातून.’ परदेशी नोकरी लावून देणारा एजंट भारत सरकारकडे नोंदणीकृत हवा, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायची सेवाफी जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी आहे. ई-मायग्रेट संकेतस्थळावर नाव तपासायला दोन मिनिटं लागतात.

पदवीधरांच्या व्हिसात वेगळी मेख आहे. तो व्हिसा पदवीशी जुळणाऱ्या कामासाठी असतो. इंजिनिअर म्हणून नेऊन हॉटेलात ताटं उचलायला लावलं, तर मालकाइतकेच तुम्हीही अडचणीत येता.

घर

भाड्याच्या घरात शिरताना चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम हातात लागते: शिकिकिन म्हणजे अनामत, रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी भेट, दलाली, हमी कंपनीची फी. यूआर या सरकारी संस्थेच्या घरांना रेइकिन, दलाली आणि हमीदार लागत नाहीत. टोकियोच्या निशी-कासाईत इतके भारतीय राहतात त्याचं हे एक कारण. 2019 मध्ये एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक हे मूळचे महाराष्ट्रातले, आणि निशी-कासाई याच वॉर्डात येतं.

घर रिकामं मिळतं, आणि रिकामं म्हणजे पुष्कळदा दिवा आणि शेगडीही नाही. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो तेव्हा घरात कुणीतरी हजर लागतं. ती वेळ आधी ठरवली नाही तर जानेवारीत गार पाण्याने आंघोळ.

एकाच्या नावावर करार आणि आत चौघं, ही आपली पद्धत तिथे करारभंग ठरते. आणि फोडणी! वर्षभर पंखा न लावता केलेल्या फोडणीचा पिवळट तेलकट थर भिंतीच्या कागदावर बसतो आणि घर सोडताना अनामतीतून वजा होतो. शेगडीमागे अॅल्युमिनियमचा पत्रा लावा, शंभर येनच्या दुकानात मिळतो.

कचऱ्याचं वेळापत्रक कुयाकुशोत मिळतं, ते फ्रिजवर चिकटवा. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडून देतात आणि ती कुणाची हे शेजाऱ्यांना बरोबर कळतं.

बॅगेत काय नको

खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, सर्दीच्या काही गोळ्यांत सुडोएफेड्रिन. जपानमध्ये यांच्यावर कडक नियम आहेत, तेव्हा आईने भरून दिलेला औषधांचा डबा निघण्याआधी एकदा डॉक्टरला दाखवा. चिठ्ठीवरची नेहमीची औषधं महिनाभरापुरती नेता येतात. त्याहून जास्त हवी तर आधी यून्यू काकुनिन-शो हे आयात-पत्र ऑनलाइन काढायचं. मांसाचे पदार्थ, हापूस आणि ताजा कढीपत्ता घरीच ठेवा. विमानतळावर पेटी जप्त होताना पाहवत नाही.

गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून निघण्याआधीच काढा. तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. नंतर जपानी परवाना करून घ्यावा लागतो, आणि ऑक्टोबर 2025 पासून त्याची लेखी परीक्षा 50 प्रश्नांची झाली आहे, 45 बरोबर हवेत. मूळ परवाना काढल्यावर भारतात किमान तीन महिने राहिल्याचा पुरावाही मागतात. जायच्या आदल्या आठवड्यात घाईने काढलेला परवाना म्हणूनच उपयोगी पडत नाही.

घरी येताना

सुट्टीला भारतात येताना विमानतळावर एक छोटं कार्ड भरतात. त्यात ‘तात्पुरता जातोय, परत येणार’ या चौकटीत खूण करायची असते. ती राहिली तर व्हिसा तिथेच संपू शकतो. खूण केली तर एक वर्षाच्या आत, आणि व्हिसाची मुदत त्याआधी संपत असेल तर तिच्या आत, परत जावं लागतं.

कायमचं परतताना कुणीतरी हमखास विचारतं, ‘तुझं बँकखातं आणि एटीएम कार्ड दे, वीस हजार येन देतो.’ हा गुन्हा आहे, आणि त्या खात्यातून पुढे जी फसवणूक होते तिला तुमचं नाव लागतं. खातं बंद करून निघा. कुयाकुशोत निघाल्याची नोंद करा. तारीख हातात असेल तर 1 जानेवारीच्या आधी निघा, म्हणजे पुढच्या वर्षीचा रहिवासी कर लागत नाही.

पेन्शन सहा महिने किंवा जास्त भरली असेल तर निघाल्यापासून दोन वर्षांत काही रक्कम परत मागता येते, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या हिशोबाने. मात्र ती घेतली की तो काळ खात्यातून पुसला जातो. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे आणि दोन्हीकडची वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी जोडता येतात, तेव्हा बरीच वर्षं राहिलेल्यांनी आधी हिशोब करावा. कंपनीतून कापलेल्या पेन्शनच्या परताव्यावर 20.42 टक्के कर जातो. तो सोडवायला जपानमध्ये राहणारा एखादा मित्र कर-प्रतिनिधी म्हणून लागतो. निघण्याआधीच कर कचेरीत त्याच्या नावाचा फॉर्म देऊन ठेवा, आणि परताव्याचं मूळ पत्र आलं की ते त्याला पाठवा.