थंडीतल्या मासेमारीच्या मॅचसाठी एक टीप
हिवाळ्यात बीचवरून कॉम्पिटिशन खेळताना बोटं अशी बधिर होतात की साधी गाठ मारायला पाच मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ गळ पाण्याबाहेर म्हणजे मासा शेजारच्याचा. म्हणून तीन-चार ट्रेस (मुख्य लाइनला क्लिपने अडकवायचा, गळ बांधलेला दोरा) घरीच बांधून न्या. एक पाण्यात असताना दुसऱ्याच्या गळावर किडा ओवून वरून बारीक इलॅस्टिक दोऱ्याचे चार-पाच वेढे द्यायचे, नाहीतर फेकताना आमिष उडून जातं. लाइन आत आली की क्लिप काढली, तयार ट्रेस अडकवला, फेकला! मासा तोवर पाण्याच्या बादलीत, मोजमाप नंतर. आणि टॉवेल खिशात ठेवाच, ओले हात वाऱ्यात पार कामातून जातात. अंधारात लांबच फेकायचा हट्ट नको, मासे बरेचदा अगदी जवळ असतात.